पाण्याला शिस्त लावणारे विश्वेश्वरय्या

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सातारा-सांगली भागात शेतकरी रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन शेताकडे निघाला, की तो दारे धरायला चालला आहे असे म्हणतात. तुम्ही हे शब्द ऐकले असतील. पाटातून येणारे पाणी आधी एका वाफ्यात सोडायचे. तो वाफा भरला, की फावड्याने माती ओढून त्याचे तोंड बंद करायचे आणि पुढच्या वाफ्याचे तोंड उघडायचे. यालाच दारे धरणे म्हणतात. हे दार मातीचे आणि हातभर रुंदीचे असते. पण ते वेळेवर उघडले नाही, तर पीक वाळते. वेळेवर बंद केले नाही, तर शेताचा चिखल होतो.

जे लहान दाराचे, तेच मोठ्या दाराचे. कराडजवळ खोडशी येथे कृष्णा नदीवर इंग्रजी अमदानीत बांधलेला जुना बंधारा आहे. तेथून कृष्णा कालवा निघतो. कालवा म्हणजे ज्याला तुम्ही उर्दूत नहर म्हणता तो. हा कालवा कराड, वाळवा, पलूस, तासगाव या भागांतील शेतांना पाणी देतो. नदीचे पाणी कालव्यात किती घ्यायचे आणि किती नदीतच ठेवायचे, हे कालव्याच्या तोंडाशी असलेले दरवाजे ठरवतात. कोयना धरणालाही दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले, की कोयनेचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी लोक पाण्याची पातळी पाहू लागतात. २००५ आणि २०१९ साली कृष्णेला आलेले महापूर तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवत असतील.

ज्या ठिकाणी नदी आणि कालवा यांची पातळी वेगवेगळी असते आणि तेथून नावाही न्यायच्या असतात, तेथे आणखी एका प्रकारचे दरवाजे लागतात. तेथे दोन दरवाज्यांची एक कोठी बांधतात. नाव कोठीत आली, की मागचा दरवाजा लावतात. मग कोठीतील पाणी हळूहळू वाढवतात किंवा कमी करतात आणि पुढचा दरवाजा उघडतात. जणू नाव पाण्याचा जिना चढते किंवा उतरते. याला जलपाश म्हणतात. आपलीच कृष्णा पुढे आंध्र प्रदेशात विजयवाड्याला पोहोचते. तेथील कालव्यांतून पूर्वी मालाच्या नावा चालत. त्या नावांना नदीत ये-जा करता यावी म्हणून तेथे असे जलपाश बांधले होते.

या सगळ्या दरवाज्यांपुढे एकच प्रश्न असतो. दार कोणी उघडायचे, केव्हा उघडायचे आणि कोणासाठी उघडायचे? या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर विचार केला, अशा एका थोर अभियंत्याची ओळख आज तुम्हाला करून घ्यायची आहे. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. हे खेडे आज कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान होते. आईचे नाव वेंकटलक्ष्मम्मा. घरात विद्या होती, पण पैसा नव्हता. विश्वेश्वरय्या शाळेत शिकत असतानाच वडील वारले. आईने धीर सोडला नाही. मुलाला शिकवायचेच, असा तिचा निश्चय होता. मामांनीही आधार दिला. विश्वेश्वरय्या बंगळूरला गेले. तेथे ते एका घरातील मुलांच्या शिकवण्या घेत आणि स्वतः सेंट्रल कॉलेजात शिकत. अशा परिस्थितीत १८८१ साली ते बी. ए. झाले.

पुढे म्हैसूर संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. पुण्यातले ते कॉलेज आज सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. १८८३ च्या परीक्षेत विश्वेश्वरय्या संपूर्ण मुंबई इलाख्यात पहिले आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८४ साली, मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पहिली बदली होती नाशिकला.

मित्रांनो, त्या काळी मुंबई इलाखा फार मोठा होता. आजच्या महाराष्ट्राचा बराचसा भाग, गुजरात, उत्तर कर्नाटक आणि सिंध, एवढा मुलूख त्यात होता. त्यामुळे विश्वेश्वरय्यांना नाना तऱ्हेच्या नद्या पाहायला मिळाल्या. एक नदी पावसाळ्यात उधाणते आणि उन्हाळ्यात आटते. दुसरीला बारा महिने पाणी असते, पण ते गढूळ असते. प्रत्येक नदीचा स्वभाव वेगळा. तो ओळखल्याशिवाय तिच्यावर काही बांधू नये, हा धडा ते नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच शिकले.

खानदेशात असताना त्यांच्याकडे एक अवघड काम आले. पांझरा नदी ओलांडून कालव्याचे पाणी पलीकडे न्यायचे होते आणि त्यासाठी नळ टाकायचे होते. काम सुरू झाले आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. नदीच्या पात्रात वाळू साचू लागली. हे काम पावसाळा संपेपर्यंत थांबवावे, असे विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. नव्या नोकरीत शिस्त पाळण्याबद्दल त्यांनी एक कडक शेरा मारला. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. पुरात, चिखलात उभे राहून त्यांनी काम पुरे केले. मग त्याच वरिष्ठांनी आपले मत बदलले आणि त्यांचे कौतुक केले.

यानंतरची एक गोष्ट सिंध प्रांतातील आहे. सिंधू नदीच्या काठी सक्कर नावाचे शहर आहे. ते आज पाकिस्तानात आहे. दारापाशी एवढा मोठा दरिया, पण लोकांना पिण्यासाठी स्वच्छ पाणी नव्हते. सिंधूचे पाणी गाळाने भरलेले असे. ते गाळण्यासाठी मोठे हौद बांधायचे, तर नगरपालिकेपाशी तेवढा पैसा नव्हता. १८९४ च्या सुमारास हे काम विश्वेश्वरय्यांकडे आले. त्यांनी नदीकडे नीट पाहिले. नदीच्या तळाशी वाळूचा जाड थर होता. वाळूतून पाणी झिरपले, की ते आपोआप गाळले जाते. त्यांनी नदीच्या पात्रातच एक खोल विहीर खोदली आणि नदीच्या तळाखालून तिला बोगदा जोडला. वाळूतून झिरपलेले स्वच्छ पाणी विहिरीत जमू लागले. तेथून ते पंपाने उंचावर चढवून शहराला देण्यात आले. जी नदी पाणी गढूळ करत होती, तिच्याकडूनच त्यांनी ते गाळून घेतले.

आता आपण पुण्याकडे येऊ या. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासला येथे इंग्रज सरकारने १९ व्या शतकात धरण बांधले होते. त्याच्या जलाशयाला फाइफ तलाव म्हणत. या तलावाचे पाणी पुणे शहराला आणि कालव्याच्या काठच्या शेतांना मिळत असे. पाण्याची मागणी वाढत होती, पण तलाव तेवढाच होता. गंमत अशी, की दर पावसाळ्यात तलाव भरून कितीतरी पाणी सांडव्यावरून वाहून जाई. सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जास्तीचे पाणी बाहेर पडण्याची वाट. पावसाळ्यात वाया जाणारे पाणी उन्हाळ्यात मात्र हवेहवेसे वाटे.

यावर साधा उपाय कोणालाही सुचेल. सांडव्याची भिंत उंच करावी, म्हणजे पाणी जास्त साठेल. पण जरा विचार करा. सांडवा उंच केला आणि त्यावर मोठा पूर आला, तर पुराचे पाणी आणखी उंच चढेल. तेवढे पाणी पेलण्यासाठी धरण बांधलेले नव्हते. धरण फुटले, तर खालचे पुणे शहर वाहून जाईल. म्हणजे एकीकडे उन्हाळ्याची तहान आणि दुसरीकडे पुराची भीती. दोन्ही खऱ्या होत्या. एकीसाठी दुसरीकडे डोळेझाक करून चालणार नव्हते.

तेव्हा विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर पक्की भिंत न घालता दरवाजे बसवायचे ठरवले. दरवाजे बंद असले, की पाणी आणखी ८ फूट उंच साठेल. पूर आला, की दरवाजे उघडतील आणि जास्तीचे पाणी निघून जाईल. पण पुन्हा तोच प्रश्न आला. दार कोणी उघडायचे? पूर काही वेळ सांगून येत नाही. तो मध्यरात्री येतो, वादळी पावसात येतो. अशा वेळी माणसे धरणावर पोहोचायला उशीर झाला तर? एखादा दरवाजा अडकला तर? पुण्यातील हजारो माणसांचा जीव पहारेकऱ्याच्या जागेपणावर सोपवणे त्यांना पटेना.

म्हणून त्यांनी हे काम पाण्यावरच सोपवले. दरवाज्यांना वजने जोडून त्यांनी तराजूसारखा तोल साधला. तलावाचे पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत असेल, तोवर दरवाजे बंदच राहात. पाणी त्या रेषेच्या वर चढले, की ते थोडेसे पाणी आपल्या वाटेने वजनाच्या कोठीत शिरे. त्यामुळे तराजूचा तोल बदले आणि दरवाजे उघडत. पुराचे पाणी निघून गेले आणि पातळी खाली आली, की तोल पुन्हा पहिल्यासारखा होऊन दरवाजे आपोआप बंद होत. ना माणूस लागे, ना इंजिन. ज्या पुराची भीती, तोच पूर आपल्या हाताने दार उघडून निघून जाई.

हे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासल्याला बसवण्यात आले. धरणाची उंची न वाढवता तलावात ८ फूट जास्त पाणी राहू लागले. अशा दरवाज्यांची कल्पना पुढे इतर धरणांनाही उपयोगी पडली. नीरा नदीच्या खोऱ्यातील भाटघर धरणालाही स्वयंचलित दरवाजे बसवण्यात आले. विश्वेश्वरय्यांनी आपल्या शोधाची रीतसर नोंद केली होती. त्यामुळे त्यांना सरकारकडून त्याचे मानधन घेता आले असते. पण आपण सरकारी नोकरीत असताना, सरकारी कामासाठी हा शोध लावला, तेव्हा त्यावर वेगळा पैसा घेणे योग्य नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी ते मानधन घेतले नाही.

धरणात पाणी साठले, म्हणजे सारे झाले असे नाही. ते वाटायचे कसे, हा त्याहून अवघड प्रश्न. नीरा नदी पुणे आणि सातारा या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. तिच्या डाव्या काठाने त्या वेळी एक कालवा निघालेला होता. उजव्या काठाने फलटणकडे जाणारा कालवा पुढे झाला. विश्वेश्वरय्या पुण्याच्या पाटबंधारे विभागात आले, तेव्हा त्यांनी या कालव्यांची पाहणी केली. त्यांना काय दिसले? कालव्याच्या तोंडाजवळचे शेतकरी बारमाही ऊस लावत आणि भरपूर पाणी घेत. टोकाकडच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोहोचतच नसे. आजही आपल्याकडे शेतकरी म्हणतात, की टेलला पाणी येत नाही. हे दुखणे शंभर वर्षांहून जुने आहे.

आणि ज्यांना भरपूर पाणी मिळे, ते तरी सुखी होते का? तसेही नव्हते. वर्षानुवर्षे एकाच जमिनीत पाणी मुरत राहिल्याने जमिनी पाणथळ होत. डबकी साचत, डास वाढत आणि गावात हिवताप पसरे. आज आपल्या सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी काही जमिनींवर पांढरा थर दिसतो. त्या क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव हे त्याचे मोठे कारण आहे. तहानलेले शेत जसे मरते, तसे बुडालेले शेतही मरते.

विश्वेश्वरय्यांनी यावर एक पद्धत सुचवली. कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडायचे. प्रत्येक गटात ऊस एका भागातच घ्यायचा, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिके घ्यायची. पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलायची. त्यामुळे जमिनीला विसावा मिळेल आणि उसासाठी लागणारे पाणी वाचून ते पुढच्या गावांना देता येईल. पाणी मोजून आणि ठरलेल्या पाळीने द्यायचे, म्हणजे प्रत्येकाला आपली पाळी कधी येणार हे आधीच ठाऊक असेल. ही पद्धत गट पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली.

आज हे ऐकून तुम्हाला वाटेल, की सगळ्यांनी ती आनंदाने स्वीकारली असेल. तसे झाले नाही. ज्यांना आजवर हवे तेवढे पाणी मिळत होते, त्यांना मोजून पाणी घेणे म्हणजे शिक्षा वाटली. शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या. वर्तमानपत्रांतून टीका झाली. त्यात त्यांचे सारेच चुकत होते असेही नाही. सरकार पाण्यावर पट्टी घेई आणि नवा नियम आला, की पट्टी वाढेल अशी भीती शेतकऱ्याला वाटे. विश्वेश्वरय्यांनी हुकमाचा बडगा उगारला नाही. ते शेतकऱ्यांना भेटले. हिशेब मांडून दाखवला. हळूहळू काही गावांना ही पद्धत पटली. १९०१ ते १९०३ या काळात सरकारने नेमलेल्या पाटबंधारे आयोगानेही तिची दखल घेतली.

विश्वेश्वरय्यांची कीर्ती आता सर्वत्र पसरली होती. कामाच्या जोरावर ते अनेकांना मागे टाकून वर चढले होते. पण त्यांच्यापुढे एक दार असे होते, की ते कितीही काम केले तरी उघडणार नव्हते. मुख्य अभियंत्याच्या जागेवर त्या काळी इंग्रज माणूसच बसे. हिंदी माणूस कितीही हुशार असला, तरी त्याला ती जागा मिळण्याची आशा नसे. १९०८ साली, पूर्ण पेन्शनला लागणारी वर्षे भरायच्या आधीच, विश्वेश्वरय्यांनी नोकरी सोडली. त्यांनी आदळआपट केली नाही. पुढे कोणाची नोकरी मिळेल, याची वाटही पाहिली नाही. ते परदेशांतील कामे पाहायला निघाले. सरकारनेही त्यांच्या कामाची किंमत जाणून त्यांना पेन्शन दिले.

ते परदेशात असतानाच हैदराबादवर मोठे संकट कोसळले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला भयंकर पूर आला. शहराचा मोठा भाग वाहून गेला आणि हजारो माणसे मेली. तेव्हा हैदराबादचे निजाम मीर महबूब अली खान होते. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले आणि ते १९०९ साली हैदराबादला आले. त्यांनी नदीचा सारा मुलूख पायाखाली घातला. नदीकाठी नुसत्या भिंती बांधून भागणार नाही, पुराचे पाणी शहराच्या वरच अडवले पाहिजे, असे त्यांचे मत झाले. त्यांनी मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन मोठे जलाशय सुचवले. पुढे ते बांधले गेले. एकाचे नाव उस्मान सागर आणि दुसऱ्याचे हिमायत सागर. हिमायत सागराच्या उभारणीत हैदराबादचे नामवंत अभियंता नवाब अली नवाज जंग यांचा मोठा वाटा होता. हे तलाव पूर अडवत आणि शहराची तहानही भागवत. येथेही खडकवासल्याचाच धडा कामी आला. पूर आणि तहान हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एकाच पाण्याची ती दोन रूपे आहेत.

त्याच वर्षी म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना आपल्या संस्थानाचे मुख्य अभियंता नेमले. इंग्रज सरकारच्या नोकरीत जी जागा मिळण्याची आशा नव्हती, ती घरच्या संस्थानात सन्मानाने मिळाली. १९११ साली कावेरी नदीवर कृष्णराज सागर या मोठ्या धरणाचे काम सुरू झाले. ते पुरे व्हायला सुमारे वीस वर्षे लागली. या धरणालाही स्वयंचलित दरवाजे बसवले गेले. १९१२ साली विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. १९१८ पर्यंत ते त्या पदावर होते. या काळात म्हैसूर बँक निघाली, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ सुरू झाले आणि भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याचा पाया घातला गेला. शिक्षण आणि उद्योग यांवाचून देशाची गरिबी जाणार नाही, असे ते मानत. मुलींनाही मुलांइतकेच शिकवले पाहिजे, याकडे त्यांचे लक्ष असे.

दिवाणपद सोडल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. भारतात मोटारी तयार व्हाव्यात, मोठे कारखाने निघावेत, यासाठी त्यांनी योजना आखल्या. १९५५ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च किताब दिला.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यात फार मोठी दुर्घटना घडली. खडकवासल्याच्या वरच्या बाजूला पानशेत येथे नवे धरण बांधले जात होते. काम पुरे होण्याआधीच ते फुटले. त्याचे पाणी एकदम खाली आले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. पाणी पुण्यात शिरले. शेकडो घरे पडली, माणसे मेली. इतके पाणी एकाच वेळी वाहून देणे कोणत्याही दरवाज्याला शक्य नव्हते. खडकवासल्याचे धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले. पण या घटनेने एक गोष्ट साऱ्यांना कळली. दरवाजा कितीही चांगला असला, तरी तो एकटा पुरत नाही. नदीवरचे प्रत्येक धरण तिच्यावरच्या दुसऱ्या धरणाशी बांधलेले असते. वरच्याने चूक केली, तर खालच्याला भोगावे लागते.

विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. त्यांच्या वयाचे शंभरावे वर्ष चालू होते. १९६२ च्या एप्रिल महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, विश्वेश्वरय्यांचे मोठेपण कशात आहे? त्यांनी धरणे बांधली म्हणून ते मोठे आहेतच. पण धरणे पुष्कळांनी बांधली. विश्वेश्वरय्यांनी पाण्याकडे पाहताना दोन्ही माणसे डोळ्यांपुढे ठेवली. एक पाण्यावाचून तळमळणारा आणि दुसरा पुरात सापडणारा. एक कालव्याच्या तोंडाशी असलेला आणि दुसरा टोकाशी असलेला. एकाला देताना दुसऱ्याचे काय होईल, हे त्यांनी नेहमी मोजून पाहिले.

आपल्या कृष्णेवर आणि कोयनेवर आज कितीतरी दरवाजे आहेत. त्यांतले काही साताऱ्याच्या हद्दीत उघडतात आणि त्यांचे पाणी सांगलीत पोहोचते. उन्हाळ्यात सांगलीचा शेतकरी त्या दरवाज्यांकडे आशेने पाहतो आणि पावसाळ्यात काळजीने. तुमच्यातलाच कोणी मुलगा किंवा मुलगी उद्या पाटबंधारे खात्यात अभियंता होईल. एखाद्या पावसाळी रात्री त्या दरवाज्याची जबाबदारी तुमच्यावर येईल. तेव्हा दाराच्या वरच्या बाजूला किती पाणी आहे, एवढेच पाहू नका. खालच्या बाजूला किती माणसे आहेत, हेही पाहा. आणि तोपर्यंत घरच्या शेतात दारे धरण्याची पाळी आली, तर आपले शेत भिजल्यावर शेजाऱ्याचे दार वेळेवर उघडून द्या.

स्वाध्याय

१. दारे धरणे म्हणजे काय, ते तीन-चार वाक्यांत सांगा.
२. खडकवासल्याच्या सांडव्यावर पक्की भिंत का बांधली नाही?
३. स्वयंचलित दरवाजे पुराच्या वेळी कसे उघडत, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. कालव्याच्या तोंडाजवळच्या शेतकऱ्यांनी गट पद्धतीला विरोध का केला? तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते?
५. कालवा, नदी, धरण, दरवाजा, पूर या शब्दांसाठी उर्दूत कोणते शब्द आहेत? त्यांतील कोणते शब्द मराठीतही वापरले जातात, ते शोधा.
६. तुमच्या गावाला पाणी कोठून येते? ते वाटण्याचे काम कोण करतो? घरातील मोठ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.